टर्बो डिझेल पिकअपमधील जल-वायू इंटरकूलर

जल-वायू इंटरकूलर हे टर्बोचार्जरने दाबलेली तप्त हवा इंजिनात शिरण्यापूर्वी पाण्याच्या साहाय्याने थंड करणारे उपकरण आहे. त्यात हवेची उष्णता प्रथम पाण्यात जाते. ते पाणी पंपाच्या साहाय्याने वाहनाच्या अग्रभागी असलेल्या स्वतंत्र रेडिएटरकडे नेले जाते आणि तेथे ती उष्णता बाहेरच्या वातावरणात सोडली जाते. ज्या पिकअप ट्रकवर कारखान्यातून इंटरकूलर आलेला नाही, किंवा आलेला अपुरा पडतो, अशा ट्रकवर तो नंतर बसवण्याची पद्धत अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत विशेष रूढ आहे. जड ओझे ओढताना किंवा दीर्घ चढण चढताना निष्कास वायूचे तापमान आटोक्यात ठेवणे हा त्यामागील मुख्य हेतू असतो. या प्रणालीची दीर्घकाळ टिकणारी क्षमता गाभ्याच्या आकारापेक्षा पुढच्या रेडिएटरवर अवलंबून असते. म्हणून तिची आखणी रेडिएटरपासून सुरू करणे श्रेयस्कर मानले जाते.

नाव आणि व्याप्ती

इंटरकूलर या शब्दाचा मूळ अर्थ संपीडनाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये हवा थंड करणारे उपकरण असा आहे. अखेरच्या टप्प्यानंतर, म्हणजे संपीडक आणि इंजिन यांच्या मध्ये बसणाऱ्या उपकरणाला काटेकोर परिभाषेत आफ्टरकूलर म्हणतात. पिकअप ट्रकमध्ये सहसा एकच टर्बोचार्जर असल्यामुळे त्याचा शीतक वस्तुतः आफ्टरकूलर असतो. तथापि वाहन-व्यवसायात इंटरकूलर हेच नाव स्थिरावले आहे. शीतनाचे माध्यम पाहता त्याचे दोन प्रकार पडतात. वायू-वायू प्रकारात तप्त हवेभोवतून थेट वाऱ्याचा झोत जातो. जल-वायू प्रकारात त्या दोहोंमध्ये पाण्याचे एक स्वतंत्र चक्र असते.

इतिहास

निष्कास वायूच्या शक्तीवर चालणाऱ्या संपीडकाची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली आणि १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. दाबलेली हवा पाण्याने थंड करण्याचे एक ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील विमानांत आढळते. रोल्स-रॉइस कंपनीच्या मर्लिन इंजिनाच्या ६० क्रमांकाच्या मालिकेत दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता. त्यातून निघणारी हवा थंड करण्यासाठी द्रवाचे स्वतंत्र चक्र आणि स्वतंत्र रेडिएटर योजण्यात आला होता. या मालिकेतील इंजिन असलेली स्पिटफायर मार्क ९ विमाने १९४२ मध्ये सेवेत आली. जहाजांवरील डिझेल इंजिनांत समुद्राच्या पाण्याने हवा थंड करण्याची पद्धतही जुनी व प्रचलित आहे. तेथे थंड पाण्याचा साठा अमर्याद असतो आणि वाहनापुढील मुख्य अडचण उद्भवतच नाही.

अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या इतिहासात इंटरकूलर काहीसा उशिराने आला. डॉज कंपनीने १९८९ मध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आपल्या पिकअपमध्ये आणले, तेव्हा त्यात इंटरकूलर नव्हता. तो १९९१ च्या मध्यावर आला. फोर्ड कंपनीच्या पॉवर स्ट्रोक या ७.३ लिटरच्या इंजिनाचीही तीच कथा आहे. १९९४ ते १९९७ या काळातील ट्रक इंटरकूलरविना विकले गेले आणि १९९९ च्या नव्या आवृत्तीत वायू-वायू इंटरकूलर आला. या इंजिनात टर्बोचार्जर इंजिनाच्या दोन बाजूंमधील खोलगट भागात, मागच्या अंगाला बसतो. तेथून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा नेणाऱ्या नळ्यांपर्यंतचे अंतर थोडे आहे. जुन्या ट्रकवर वायू-वायू इंटरकूलर बसवायचा तर मोठ्या व्यासाच्या नळ्या थेट रेडिएटरपुढे नेऊन परत आणाव्या लागतात. अशा अडचणीच्या जागी जल-वायू प्रकाराचा विचार पुढे येतो.

मोटारींमध्ये टोयोटा सेलिका या गाडीच्या १९८६ च्या चारचाकी-चालित टर्बो आवृत्तीत आणि सुबारू लेगसीच्या पहिल्या पिढीतील टर्बो आवृत्तीत जल-वायू इंटरकूलर कारखान्यातूनच येत असे. पुढे फोर्डने २०११ च्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनासाठी हाच प्रकार स्वीकारला आणि त्याकरिता इंजिनाच्या मुख्य शीतन चक्राव्यतिरिक्त कमी तापमानाचे दुसरे चक्र दिले. फोक्सवागन समूहाच्या अलीकडील काही इंजिनांत तर पाण्याचा गाभा सेवन-नलिकेतच सामावलेला असतो.

कार्यतत्त्व

हवा दाबली की ती तापते. बाहेरचे तापमान ४० अंश सेल्सिअस असताना समुद्रसपाटीवर टर्बोचार्जरने हवेचा दाब दुप्पट केला, तर आदर्श संपीडनात तिचे तापमान सुमारे ६९ अंशांनी वाढते. प्रत्यक्षातील संपीडक आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास वाढ सुमारे ९८ अंश होते आणि हवा १३८ अंशांवर बाहेर पडते. तप्त हवा विरळ असते. म्हणून दाब दुप्पट होऊनही सिलिंडरमध्ये जाणारा प्राणवायू दुप्पट होत नाही. शिवाय आत जाणारी हवाच तप्त असल्यामुळे ज्वलनाचे आणि निष्कासाचे तापमान त्या प्रमाणात चढते.

इंटरकूलरची परिणामकारकता एका साध्या गुणोत्तराने मोजतात. तप्त हवा आणि शीतक माध्यम यांच्या तापमानात जेवढे अंतर असते, त्याचा किती भाग इंटरकूलर कमी करतो, हे ते गुणोत्तर. वरील उदाहरणात पाणी ५० अंशांवर आणि परिणामकारकता ७० टक्के धरली, तर ८८ अंशांच्या अंतरापैकी सुमारे ६२ अंश कमी होतात व हवा ७६ अंशांवर इंजिनात जाते. दाब तोच राहिला तर तिची घनता सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. मात्र गाभ्यातून जाताना दाब थोडा घटतो. ही घट ०.०७ बार असेल, तर निव्वळ लाभ १३ ते १४ टक्के उरतो. म्हणून दाब न गमावता थंडावा देणे ही चांगल्या गाभ्याची खरी कसोटी होय.

पाण्यात साठणारी उष्णता

पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या सुमारे चौपट आहे. पाण्याची घनताही लक्षात घेतली, तर साधारण दाबाखालील तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावू शकते. यामुळेच पाण्याचा गाभा लहान ठेवता येतो आणि मोठ्या हवाई नळ्यांऐवजी सुमारे २० मिलिमीटर व्यासाच्या पाण्याच्या नळ्या पुढच्या रेडिएटरपर्यंत नेल्या तरी भागते.

हा गुण काही वेळा चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो. तीन लिटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर वरील दाबाने चालत असेल, तर त्यातून सेकंदाला सुमारे ०.१३५ किलोग्रॅम हवा जाते. ती ६२ अंशांनी थंड करताना पाण्यात सुमारे ८ किलोवॉट उष्णता उतरते. चक्रात सहा लिटर पाणी असेल आणि रेडिएटर काहीच काम करत नसेल, तर त्या पाण्याचे तापमान दर तीन सेकंदांना सुमारे एक अंशाने चढते. दीड मिनिटात ते ३० अंशांनी वाढते आणि इंटरकूलरचा बहुतेक उपयोग संपतो. दहा लिटरची जादा टाकी जोडल्यास तोच परिणाम व्हायला चार मिनिटे लागतात.

यावरून टाकीचे स्थान स्पष्ट होते. ती उष्णता बाहेर टाकत नाही. तिचा साठा करून वेळ मिळवून देते. शहरात थोडा वेळ वेग वाढवून पुन्हा मंदावणाऱ्या मोटारीला हा वेळ पुरतो, कारण दोन जोरांच्या मध्ये पाणी निवते. काही सेकंदांच्या शर्यतीसाठी तर टाकीत बर्फ टाकून भागवले जाते. मागे जड ट्रेलर जोडून अर्धा तास घाट चढणाऱ्या पिकअपला मात्र टाकीचा आधार पहिल्या काही मिनिटांपुरताच असतो. त्यानंतर पुढचा रेडिएटर दर सेकंदाला जेवढी उष्णता वातावरणात सोडेल, तेवढीच हवेतून काढून घेता येते.

वायू-वायू प्रकाराशी तुलना

वायू-वायू प्रकारात उष्णता एकदाच हस्तांतरित होते, जल-वायू प्रकारात दोनदा. पाणी बाहेरच्या हवेहून नेहमीच काही अंशांनी अधिक उष्ण राहते. वरील उदाहरणात ७० टक्के परिणामकारकतेचा वायू-वायू इंटरकूलर हवा सुमारे ६९ अंशांपर्यंत आणतो, तर तेवढ्याच परिणामकारकतेचा जल-वायू इंटरकूलर ७६ अंशांपर्यंत. पाण्याच्या गाभ्याची परिणामकारकता ८० टक्के असेल, तर तापमान ६८ अंशांवर येऊन दोन्ही प्रकारांची बरोबरी होते. तेव्हा दीर्घकालीन भाराखाली जल-वायू प्रकार आपोआपच सरस ठरतो, ही समजूत बरोबर नाही.

जल-वायू प्रकाराचे लाभ पुढीलप्रमाणे सांगता येतात.

• टर्बोचार्जर ते इंजिन हा हवेचा मार्ग आखूड राहतो. त्यामुळे दाबाची घट आणि टर्बोचा प्रतिसाद मिळण्यातील विलंब कमी राखता येतो.
• गाभा इंजिन-कक्षात कोठेही बसवता येतो. तो थेट वाऱ्यात असण्याची आवश्यकता नसते.
• अल्पकाळच्या जोराच्या वेळी सेवन-हवेचे तापमान स्थिर राहते.
• बॉनेटला छिद्र पाडून वर हवेचे तोंड बसवावे लागत नाही.

त्याच्या उणिवाही तितक्याच ठोस आहेत. पंप, नळ्या, टाकी, रेडिएटर व विद्युतजोडणी यांमुळे वजन, खर्च आणि बिघाडाच्या जागा वाढतात. वायू-वायू इंटरकूलरमध्ये हलणारा भाग नसतो आणि तो गळला तरी केवळ हवा गळते. या कारणाने, पुढे पुरेशी जागा उपलब्ध असलेल्या आणि मुख्यतः ओझे ओढणाऱ्या ट्रकसाठी वायू-वायू प्रकार साधा व टिकाऊ पर्याय ठरतो. जेथे नळ्यांना वाट नाही, तेथे जल-वायू प्रकाराचे औचित्य निर्विवाद आहे.

प्रणालीचे घटक

गाभा: हा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्यात हवेचे रुंद मार्ग व पाण्याचे अरुंद मार्ग एकाआड एक असतात. जुन्या मोटारींतून काढलेले गाभे स्वस्तात मिळतात. परंतु ते दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनासाठी घडवलेले असतील, तर मोठ्या डिझेलच्या हवेला त्यांची वाट अपुरी पडते. ज्या गाडीचा टर्बोचार्जर तुटला होता, तिच्या गाभ्यात तेल व धातूचे कण अडकलेले असू शकतात. असा गाभा आतून धुऊन पूर्ण स्वच्छ होत नसेल, तर तो बाद करणेच योग्य.

पुढचा रेडिएटर: इंजिनाच्या रेडिएटरपुढे आणि वातानुकूलन यंत्राच्या कंडेन्सरपुढे किंवा खाली तो बसतो. आकाराने तो कंडेन्सरच्या जवळपास असणे इष्ट.

पंप: १२ व्होल्टवर चालणारा केंद्रोत्सारी विद्युत पंप वापरतात. तो सतत चालण्यास योग्य असावा लागतो. अल्पकाळ चालवण्यासाठी बनवलेले पंप या कामी लवकर जळतात.

टाकी: चक्रातील सर्वांत उंच जागी बसणारी, झाकणाची टाकी. पाणी भरणे, त्याच्या प्रसरणाला वाव देणे आणि हवेचे बुडबुडे बाहेर सोडणे ही तिची कामे होत.

कूलंट: इंजिनाचे कूलंट ८० ते ९० अंशांवर खेळत असते. ते इंटरकूलरमध्ये वापरल्यास हवा त्याखाली थंड होऊच शकत नाही. म्हणून चक्र स्वतंत्र ठेवतात. ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक घटक असलेले ग्लायकोलचे कूलंट मिसळतात. ग्लायकोलचे प्रमाण वाढले की मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. यास्तव बर्फ न पडणाऱ्या प्रदेशांत ते कमी ठेवले तरी चालते. गंजरोधक मात्र सर्वत्र आवश्यक असतो, कारण नळाच्या साध्या पाण्याने ॲल्युमिनियमचा गाभा आतून खराब होतो.

बसवणी

पूर्वतपासणी

काम आरंभण्यापूर्वी सेवन-नलिकेतील दाब, तेथील हवेचे तापमान आणि टर्बोच्या अलीकडील निष्कासाचे तापमान यांची नोंद घेतात. ही नोंद एकाच चढणीवर, एकाच ओझ्यासह आणि शक्यतो सारख्या हवामानात घेतली जाते. पूर्वीचे आकडे नसतील, तर नंतरचा लाभ हा केवळ चालकाचा समज ठरतो. याच टप्प्यावर हवेचा फिल्टर, नळ्यांतील गळती, इंजेक्टर व टर्बोचार्जर यांची स्थिती तपासतात. निष्कासाचे तापमान या दोषांमुळे वाढलेले असेल, तर इंटरकूलरने मूळ दोष दूर होत नाही.

गाभ्याची जागा

गाभा संपीडकाचे मुख आणि सेवन-नलिका यांच्या मधल्या आखूड मार्गावर, निष्कासाच्या नळ्यांपासून दूर बसवतात. दूर ठेवणे शक्य नसल्यास मध्ये उष्णतारोधक पत्रा लावतात. पाणी भरलेला गाभा जड असतो. त्याचा भार रबरी नळ्यांवर न टाकता स्वतंत्र धारकांवर व कंपनशोषक रबरांवर टाकला जातो. पाण्याची जोडणी हवेच्या दिशेच्या उलट ठेवतात. ज्या टोकातून थंड झालेली हवा बाहेर पडते, त्याच टोकाशी थंड पाणी आत येते. त्यामुळे हवेला शेवटचा स्पर्श सर्वांत थंड पाण्याचा होतो.

जोडण्यापूर्वी गाभ्याच्या पाण्याच्या बाजूस हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवून पाहतात. बुडबुडे दिसल्यास तो गाभा वापरत नाहीत.

हवेच्या नळ्या

नळ्यांचा व्यास संपीडकाच्या मुखाशी आणि सेवन-नलिकेच्या तोंडाशी मिळताजुळता ठेवतात. तीव्र कोनांऐवजी विस्तृत वळणे दिल्यास दाबाची घट कमी होते. धातूच्या नळीच्या टोकाला उठावाचे कडे काढलेले असेल, तरच होज पाइप दाबाखाली निसटत नाही. सांध्यांवर रुंद पट्टीचे बोल्टयुक्त क्लॅम्प वापरतात. डिझेल इंजिन भाराखाली आपल्या आधारांवर बरेच हलते. म्हणून इंजिनावर बसलेला भाग आणि सांगाड्यावर बसलेला भाग यांच्या मध्ये लवचीक जोड आवश्यक असतो. टर्बोकडून येणाऱ्या हवेत तेलाची वाफ असते आणि साधे सिलिकॉन तिने कालांतराने मऊ पडते. त्या जागी तेलरोधक अस्तराचा होज पाइप टिकाऊ ठरतो.

पुढचा रेडिएटर

रेडिएटर जाळीआड नुसता टांगून ठेवल्यास वारा त्याच्या कडेने निसटतो. कडांच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद केल्यास वारा त्यातूनच जातो. त्यामागील मुख्य रेडिएटरला आता किंचित तापलेला वारा मिळतो, ही बाब विचारात घ्यावी लागते. इंजिन आधीच गरम होत असेल, तर प्रथम मुख्य शीतन प्रणाली दुरुस्त करणे क्रमप्राप्त ठरते. चढणीवर ट्रक मंद गतीने जातो, तेव्हा उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी असतो. अशा वेळी इंजिनाच्या पंख्याची ओढ पुढच्या रेडिएटरपर्यंत पोचली पाहिजे, अन्यथा स्वतंत्र विद्युत पंखा द्यावा लागतो.

पंप व विद्युतजोडणी

केंद्रोत्सारी पंप स्वतःहून पाणी वर खेचू शकत नाही. तो टाकीखाली, चक्रातील खालच्या जागी बसवतात, म्हणजे पाणी स्वभावतःच त्याच्या तोंडाशी येते. पंपाचा वीजपुरवठा बॅटरीतून फ्यूज व रिलेमार्गे घेतात आणि रिले किल्लीच्या वळणाने चालू होते. दाब वाढल्यावरच पंप सुरू करण्याची योजना काही जण करतात. परंतु त्यात जोर ओसरल्यावर पाणी निववण्याचा काळ वाया जातो. पंप किल्लीबरोबर सतत चालणे हेच सोयीचे ठरते.

मिनिटाला १५ लिटर प्रवाह असेल, तर ८ किलोवॉट उष्णतेने पाणी एका फेरीत सुमारे ८ अंशांनी तापते. प्रवाह निम्मा झाल्यास हा फरक दुप्पट होतो. पंपावर लिहिलेला प्रवाह मोकळ्या तोंडाचा असतो. गाभा, रेडिएटर व नळ्यांचा अडथळा आल्यावर तो बराच घटतो. परतीची नळी मोजमापाच्या बादलीत सोडून एका मिनिटात किती पाणी आले, हे पाहिल्यास खरा प्रवाह समजतो.

कूलंट भरणे

हवेचा अडकलेला फुगा हा नव्या प्रणालीच्या अपयशाचे नित्याचे कारण होय. गाभ्याच्या पाण्याच्या नळ्या वरच्या बाजूला ठेवणे, चक्रात उंचवट्याची वळणे टाळणे आणि सर्वांत उंच जागी हवा सोडण्याचा स्क्रू देणे, ही त्यावरील खबरदारी आहे. पंप चालू ठेवून टाकीतील बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहतात. पहिल्या काही दिवसांत पातळी पुन्हा तपासावी लागते.

संवेदकांची फेररचना

यांत्रिक इंधन-पंपात दाबानुसार इंधन वाढवणारी झडप असते. तिची नळी आणि इलेक्ट्रॉनिक इंजिनातील दाब व तापमान यांचे संवेदक इंटरकूलरच्या पुढे, सेवन-नलिकेच्या बाजूला असले पाहिजेत. ते इंटरकूलरच्या अलीकडे राहिल्यास इंजिनाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेपेक्षा वेगळी माहिती नियंत्रकाला मिळते.

चाचणी व परिणाम

बसवणीनंतर पूर्वीच्याच चढणीवर तेच ओझे घेऊन नोंदी घेतात. दाबमापकावर दाब पूर्वीपेक्षा किंचित कमी दिसणे स्वाभाविक आहे. हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि गाभ्यातही थोडा दाब खर्च होतो. या घटीचा अर्थ शक्ती घटली असा होत नाही. दाब फारच उतरला असेल, तर मात्र सांध्यातील गळती शोधावी लागते.

निर्णायक नोंद पाण्याच्या तापमानाची असते. दहा-पंधरा मिनिटांच्या सततच्या चढणीत पाणी विशिष्ट तापमानावर स्थिरावले, तर रेडिएटर पुरेसा आहे. ते चढतच राहिले, तर रेडिएटर, वारा किंवा प्रवाह यांपैकी काहीतरी अपुरे आहे. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष पाण्याच्या साठ्याआड झाकला जातो.

डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः आत सोडलेल्या इंधनावर ठरते. इंधनाचे प्रमाण तेच ठेवले, तर इंटरकूलरने मिळणारी शक्तिवाढ माफक असते. खरा लाभ धूर कमी होणे, निष्कासाचे तापमान उतरणे आणि पिस्टन व टर्बाइन यांवरील उष्णतेचा ताण हलका होणे, हा असतो. ज्वलनाचे तापमान घटल्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांची निर्मितीही कमी होते. पुष्कळ जण या उसंतीचा उपयोग इंधन वाढवण्यासाठी करतात. तसे केल्यास निष्कासाचे तापमान पुन्हा चढते आणि मिळालेली सुरक्षितता खर्ची पडते. टर्बोच्या अलीकडील निष्कासाचे तापमान दीर्घकाळ ७०० अंशांच्या वर जाऊ न देण्याचा संकेत अशा ट्रकच्या वापरात रूढ आहे; नेमकी मर्यादा इंजिनागणिक बदलते.

धोके व देखभाल

या प्रणालीतील सर्वांत गंभीर धोका गाभ्याच्या अंतर्गत गळतीचा आहे. इंजिन जोरात असताना हवेचा दाब पाण्याहून अधिक असतो. त्यामुळे हवा पाण्यात शिरते व टाकीत बुडबुडे येतात. इंजिन बंद केल्यावर स्थिती उलटते आणि पाणी हवेच्या मार्गात झिरपून सिलिंडरपर्यंत पोचू शकते. पाणी दाबले जात नाही. तीन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ७५० मिलिलिटर असते. संपीडन गुणोत्तर १८ धरल्यास पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा अवघी ४४ मिलिलिटर, म्हणजे तीन मोठ्या चमच्यांहूनही कमी भरते. त्याहून अधिक पाणी साचले असताना इंजिन सुरू केल्यास पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून टाकीतील पातळी विनाकारण घटणे किंवा तीत बुडबुडे दिसणे हे दुर्लक्ष करण्याजोगे लक्षण नाही. अशा वेळी इंजिन सुरू न करता गाभ्याची दाबचाचणी घेणे आवश्यक असते. गाभा सेवन-नलिकेहून खालच्या पातळीवर बसवता आला, तर झिरपलेले पाणी थेट सिलिंडरकडे जाण्याचा संभव कमी होतो.

दुसरा धोका पंप नकळत बंद पडण्याचा आहे. पंप थांबला तरी ट्रक चालतच राहतो आणि इंटरकूलर निरुपयोगी झाल्याचे चालकाला समजत नाही. इंधन वाढवलेले असेल, तर निष्कासाचे तापमान या अवस्थेत घातक पातळीवर जाते. यास्तव पाण्याच्या तापमानाचा मापक किंवा इशारा देणारा दिवा हा प्रणालीचा आवश्यक भाग मानावा लागतो.

देखभालीत पुढच्या रेडिएटरच्या पाकळ्यांतील चिखल व कीटक काढणे, क्लॅम्प पुन्हा आवळणे, कूलंट ठरावीक काळाने बदलणे आणि हवेच्या मार्गात साचलेले तेल पुसणे यांचा अंतर्भाव होतो. तेल मोठ्या प्रमाणात साचत असेल, तर टर्बोचार्जरची तपासणी करावी लागते. असे तेल एकदम इंजिनात ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच अनियंत्रित धावू शकते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्यानुसार वाहनाच्या प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेत फेरफार करण्यास मनाई आहे. कॅलिफोर्निया राज्यात प्रदूषणाशी संबंध येणाऱ्या सुट्या भागांना राज्याच्या हवा मंडळाची स्वतंत्र मान्यता लागते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे ठरतील, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात या कलमाचा कडक अर्थ लावला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या वाहनांत इंधन, हवा व निष्कास यांचे नियंत्रण परस्परांशी घट्ट जोडलेले असते आणि हवेच्या मार्गातील बदल वाहनाचा संगणक बिघाड म्हणून नोंदवू शकतो. त्यामुळे असे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालय, विमा कंपनी आणि वाहनाची हमी या तिन्ही बाजू तपासून घेणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

• टर्बोचार्जर
• सुपरचार्जर
• डिझेल इंजिन
• रेडिएटर
• विशिष्ट उष्णता